चाळणीचा निकाल

आमच्या बाझलच्या प्रयोगशाळेत उर्सिनाने दोन वर्षांत तीन लाख रसायनं तपासली, तेव्हा कुठे क्षयाच्या जंतूंना मारणारी चौदा हाती लागली. त्यांतलं एक तरी शुक्रवारपर्यंत मंजूर झालं नाही, तर तिचं काम बंद होणार होतं. पण आमचे प्रमुख डॉ. श्टेहेलिन प्रत्येक रसायनाची रचना औषधासाठीचे ठरलेले नियम लावणाऱ्या संगणकाच्या चाळणीत घालत, आणि चाळणी चौदाही वेळा एकच म्हणाली, ‘औषध होण्यास अपात्र.’

“अहो, डोळ्यांदेखत जंतू मरतायत!” उर्सिना वैतागली.

“जंतूंना काय कळतंय, बाई? नियम म्हणजे नियम.”

शेवटी शुक्रवारी तिने डॉक्टर स्वतः रोज घेतात त्या कोलेस्टेरॉलच्या गोळीची रचना त्यांच्यासमोरच चाळणीत घातली.

‘औषध होण्यास अपात्र.’

“आता बोला! अकरा वर्षं घेताय ना ही? गुण आलाय ना?”

डॉक्टरांनी पडद्यावरचा निकाल पुन्हा एकदा वाचला.



मग त्यांनी खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून कचऱ्यात टाकलं आणि म्हणाले, “बरं झालं बाई, वेळेवर सांगितलंत.”