चुन्याच्या रेघेआड

पेरीन वळणावर पडली तेव्हा पुढच्या पट्ट्यात कुमुद हात मागे करून उभी होती. बोटीने आलेल्या त्या चौघींची परदेशातली ही पहिलीच रिले, आणि शेवटचा टप्पा कुमुदचा. इतर देशांच्या मुली बॅटन घेऊन सुसाट निघून गेल्या. कुमुदला मात्र चुन्याची रेघ ओलांडून मैत्रिणीला उठवायचीही सोय नव्हती. ओलांडली की संघ बाद.

"पेरीन, ऊठ."

"पाय गेला माझा. तू जा."

"बॅटन तुझ्याकडे आहे. मी कुठे जाऊ?"

पेरीन उठली, लंगडत आली. बॅटन बोटांना लागताच कुमुद सुटली. रिकाम्या ट्रॅकवर ती धावली तेवढ्या जोरात आयुष्यात कधी धावली नव्हती. पण पंचांनी घड्याळं केव्हाच खिशात टाकली होती.