एकाहत्तर टक्के

ऐरोलीतल्या कंपनीचं हजेरीचं अ‍ॅप कामगारांचे चेहरे ओळखायचं. जासईच्या गोदामातल्या सरस्वती ठाकूर यांचा चेहरा मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी एकाहत्तर टक्केच जुळत होता. 'दुसरी व्यक्ती' असा शेरा पडला तर बाईंची नोकरी जाणार होती, आणि तपासणी करणाऱ्या संघप्रियाला पाचच्या आत शेरा द्यायचा होता. पावणेपाचला तिने फोन लावला.

"सरस्वतीच बोलतेय." आवाज जेमतेम विशीतला होता.

"वय?"

"सत्तेचाळीस. तुमचं अ‍ॅप वलखत नाय, त्यात माजी काय चूक, मॅडम?"

"खरं सांग, तू कोण?"



"पोरगी हाय तिची. आयचं दोन दिवस डायलिसिस असतं. सुट्टी मागितली तर काढून टाकतील."

संघप्रियाने सरस्वतीबाईंचे आठ महिन्यांचे हजेरीचे फोटो पुन्हा एकदा पाहिले. माऊस दोनदा 'दुसरी व्यक्ती'वर नेला, दोनदा मागे घेतला.



"हे बघ, शुक्रवारी केस मागे घट्ट बांध. आणि फोटो काढताना हसू नकोस, तुझी आई एकाही फोटोत हसलेली नाही."