हितंच

"कुठं चाललीस गो?"

राई गावात कमळाबाईला हे दिवसातून वीसदा ऐकू यायचं. तीही न थांबता म्हणायची, "हितंच." मग ती विहिरीवर चाललेली असो, नाहीतर चार दिवस माहेरी. विचारणाऱ्याला त्यापुढे काही नकोच असायचं.

(अर्थ: तू दिसलीस. हो, मलापण तू दिसलीस.)

घर आणि शेत होतं तिथे टॉवर झाला. त्यातच सातव्या मजल्यावर तिला फ्लॅट मिळाला. पहिल्याच दिवशी बाजारातून परत येताना तिला वॉचमनने गेटवर अडवलं.

"किधर जाना है?"

"इधरीच."

"इधर मतलब किधर? फ्लॅट नंबर बोलो."

तिने नंबर सांगितला. त्याने तो रजिस्टरमध्ये लिहिला आणि खात्री करायला वर तिच्या मुलाला, भूपेशला, फोनही लावला.

(अर्थ: किधर जाना है.)

लिफ्टमध्ये सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघायचे.

(अर्थ लावायला कुणी काही बोललंच नाही.)

पावसाळा गेला, दिवाळीही गेली. एका सकाळी कमळाबाई पिशवी घेऊन खाली उतरली. वॉचमन चहा पीत बसला होता. रजिस्टर मिटलेलं होतं, पेन खिशात.

"किधर चली, मौसी?"

ती थबकली. न थांबता उत्तर द्यायची सवय मोडली होती. घसा साफ करून म्हणाली, "हितंच."

"हां हां," म्हणत त्याने गेट उघडलं.

हितंच म्हणजे कुठे, ते त्याने विचारलं नाही.