अजिबात नाही!

पाहणी करणाऱ्या बाई आमच्या वर्गात फॉर्म घेऊन आल्या. “खरं लिहा हं मुलींनो, हे वर सरकारपर्यंत जाणार आहे.” सातवा प्रश्न होता, ‘शाळेतून चालत घरी जायची भीती वाटते का?’ शेजारणीने माझ्या कागदात मान घातली. “काय लिहितेस गं, वाघीण?” आता वाघीण म्हटल्यावर काय लिहिणार! टपोऱ्या अक्षरांत ठोकून दिलं, ‘अजिबात नाही!’ शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या पोरींनी तेच उतरवलं, उद्गारचिन्हासकट.

सुट्टीनंतर सूचना लागली: ‘मुलींना पायी जाण्याची भीती वाटत नाही, असे पाहणीत दिसून आल्याने शाळेची बस बंद करण्यात येत आहे.’

आज आम्ही दोघी बहिणी पहिल्यांदाच चालत निघालो. बंद कारखान्याची भिंत काही केल्या संपेना. मागून एक मोटारसायकल येत होती, पण पुढे जात नव्हती. आम्ही थांबलो की तीही थांबायची.

“ताई, तुझा हात ओला का झालाय?”

“उकडतंय.”

“घाबरलीस?”

“अजिबात नाही.”

“त्या फॉर्मवाल्या बाई उद्या आमच्या पाचवीत येणार आहेत. मी पण तेच लिहू ना, तुझ्यासारखं?”

मागे इंजिन बंद झालं. स्टँड लावल्याचा खट्कन आवाज आला.

“नको गं चिमणे, खरं लिही,” मी म्हटलं. “आणि आता दप्तर टाक. पळ!”