पदरातलं तिखट

रझाकारांच्या भीतीने गावातल्या प्रत्येक बाईच्या पदराला तिखटाची पुरचुंडी बांधलेली असायची. कुणी अंगावर आलंच, तर डोळ्यांत फेकायला. शेतात जाताना, नदीवर धुणं धुताना, झोपतानासुद्धा. देवळातलं कीर्तन तर कधीचंच बंद पडलं होतं. दिवे लागले की बायामाणसं उंबरा ओलांडत नव्हती.

पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले आणि खुंटीवरची वीणा खाली आली. गावाने पुन्हा सप्ताह मांडला. शिधा गोळा करणाऱ्या बायनाबाईंनी देवळाच्या पायरीवर पातेलंच ठेवलं.

"सोडा गं बायांनो गाठी! भ्यानं बांधलेलं तिखट आता पंगतीच्या आमटीत पडू द्या. पांडुरंगालाबी कळू द्या, आमी किती जळलो ते!"

बायका हसत, शिंकत पुरचुंड्या रिकाम्या करू लागल्या. बायनाबाईंची धाकटी सून तानू तेवढी गाठ मुठीत धरून उभी राहिली.

"अगं, सोड की! आता कुणाला भियायलीस? का देवालाबी तिखट द्यायला जड जायलंय?"

बायका खिदळल्या. तानू सासूच्या कानाशी वाकली.



"आत्याबाई, रझाकार व्हते तवर तुमी दिवेलागणीला घरात व्हत्या. आता तुमी रोज कीर्तनाला येनार, अन् घर राखायला मागं मी अन् मामंजी."