नव्या स्लॅबखाली

वास्तुशांतीची पंगत उठली, तशी अयोध्याबाईंनी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधली आपली वळकटी काखेत मारली आणि नव्या घराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. भूकंपात सासू-सासरे आणि थोरली लेक माळवदाखाली गेली, तेव्हापासून ही बाई कुठल्याच जड छताखाली झोपली नव्हती. गावाला ते ठाऊक होतं. हात धुणारी माणसंही थांबून बघू लागली.

आईनं घरात झोपावं म्हणून वर्षानुवर्षं हातापाया पडणाऱ्या भुजंगला मात्र दरदरून घाम फुटला.

ओसरीत तालुक्याहून आलेले इंजिनियर साहेब विडा चघळत बसले होते. बांधकामाला मंजुरी त्यांचीच. हा भूकंपाचा इलाखा, तेव्हा दारं-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना सळया घालून काँक्रीटचा पट्टा फिरवायचा, मगच स्लॅब टाकायचा, असं त्यांनी भुजंगला बजावलं होतं. बजावलं आणि साहेब मोकळे झाले. त्यानंतर उगवले ते आज, थेट पुरणपोळीला. पट्ट्यासाठी आणलेल्या सळया भुजंगनं रस्त्यावरून दिसणाऱ्या पोर्चच्या कमानीत घातल्या होत्या आणि स्लॅब पट्ट्याविनाच टाकला होता. गिलावा झाल्यावर आतलं कुणाला दिसतंय, असं गवंड्याला वर ऐकवलंही होतं.

अयोध्याबाईंनी साहेबांना हात जोडले.

"साहेब, तुमी सवता बघितलाव ना भिताडं?"

साहेबांनी भुजंगकडं बघितलं. भुजंगनं मान खाली घातली.

"हो आजी, सगळं नियमानं झालंय," साहेब म्हणाले आणि चपला शोधायला उठले.

"मग झोपते आत. तुमी कशाला लबाड बोलताव?"

आज नको, अजून रंगाचा वास येतोय, असं भुजंग कसंबसं म्हणाला. माणसं हसली. इतकी वर्षं आईच्या मागं लागला आणि आता हाच आडवा येतोय, म्हणाली. खरं बोलावं तर अर्धं गाव समोर उभं. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी तोंड उघडेना.

अयोध्याबाईंनी खोलीच्या मधोमध अंथरूण घातलं. आडव्या झाल्या. थोडा वेळ वर बघत राहिल्या, मग त्यांचा चेहरा निवला. त्यांनी सुनेला हाक मारून नातवाला मागितलं. सून राजकन्या पत्रावळी गोळा करत होती. तिनं कडेवरच्या रुद्रेशला नवऱ्याच्या हातात दिलं आणि आत नेऊन द्या म्हणाली.

भुजंग उंबऱ्यावरच थबकला. आजीला बघून पोरगं त्याच्या हातातून पुढं झेपावत होतं. अयोध्याबाईंनी सरकून शेजारी जागा केली.

"आन की रं भुजंगा," त्या म्हणाल्या. "आता कसलं भ्या?"