अमेरिकेहून आलेलं पान

अमेरिकेहून आलेल्या नाताळच्या खोक्याची चिकटपट्टी सुटली आणि सगळ्यांनी आत नाकं खुपसली. हा रिवाजच. आधी वास घ्यायचा, मग वस्तू बाहेर काढायच्या. साबण, चॉकलेट आणि अमेरिका, तिन्हींचा मिळून एकच वास येतो.

मिंदाचे हात मात्र थेट तळाशी गेले. तिला साबण नको होता. तिला तिची कादंबरी हवी होती.

ती तिला जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडली होती. त्यांच्याच बेटावरच्या एका बाईंनी लिहिलेली, इंग्रजीत. मिंदाने ती एका बैठकीत संपवली आणि मग जो भेटेल त्याला वाच, वाच म्हणत सुटली. वर्गातल्या मुली म्हणाल्या, सिनेमा निघाला की बघू. शिक्षिकेने विचारलं, परीक्षेला आहे का? आणि नानाय, म्हणजे तिची आई, शिवणयंत्रावरून मानही न उचलता म्हणाली, इथल्यांचं काय वाचायचं, इथलं आपण रोज बघतोच की. बाकीच्यांचं एक वेळ सोडा. नानायचं बोलणं मिंदाला लागलं, कारण त्या कादंबरीत एक आई होती आणि ती हुबेहूब नानाय होती.

मग तिने शक्कल लढवली. जत्रेसाठी अमेरिकेहून आलेल्या बेलेन मावशीच्या बॅगेत पुस्तक कोंबलं. तू वाच, आणि नाताळच्या खोक्यातून परत पाठव. खोक्यातून आलेली टूथपेस्टसुद्धा नानाय महिनाभर कपाटात मांडून ठेवते. पुस्तक कसं नाही वाचणार?

खोक्याचा तळ लागला. पुस्तक नव्हतं. लोशनच्या बाटल्या होत्या, फुटू नयेत म्हणून चुरगळलेल्या कागदांत गुंडाळलेल्या. मिंदाने एक पान ओळखलं. मग दुसरं. मावशीने शब्द पाळला होता. कादंबरी परत आली होती.

तेवढ्यात नानायने एक बाटली सोडवली. कागद फेकता फेकता ती थांबली. तो मांडीवर सपाट केला, हुंगला, वाचू लागली. ओठ हलत होते. मध्येच चष्मा काढून पुसला. शेजारच्या पिलारने टोमणा मारला की कागद काय वाचत बसलीस, चॉकलेटं वाट की आधी. नानायला ऐकूही गेलं नाही.

"काय लिहितात गं तिकडची माणसं," ती शेवटी म्हणाली. "पोर परत येईल म्हणून ही बाई रोज एक ताट जास्त मांडते. असं आपल्याकडे कुणाला जमेल का?"

मिंदा तिच्याजवळ सरकली.

"नानाय, हे आपल्याकडचंच आहे. मी तुला देत होते ना, तेच."

नानायने पान पुन्हा डोळ्यांजवळ नेलं. उलटसुलट करून पाहिलं. मग ते जमिनीवर पसरलं आणि गळकी बाटली त्यावर ठेवली.

"तरीच," ती म्हणाली, "छपाई फिकट आहे."